नगरचा तट आणि लंडनचें प्रधानपद

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याविषयीं जुन्या सरकारी ग्याझेटियरांत जी माहिती दिलेली आहे तींत एका चिंचेच्या झाडाचा उल्लेख येतो. किल्ला घेतांना जनरल वेलस्लीनें या झाडाखालीं बसून फराळ केला, व ती जागा लोकांस ओळखतां यावी म्हणून झाडाभोंवतीं चार जुन्या तोफा जमिनींत पुरून ठेविल्या, अशी ती हकीकत आहे. नगरास लहानपण घालविलेल्या पुष्कळ वाचकांनीं ती वडील माणसांच्या तोंडून ऐकिली असेल. आम्हींही ती तशीच ऐकिली, आणि बरींच वर्षें आमच्या मनांत तिचें स्वरूप एवढेंच होतें कीं, कोणी एक गोरा सेनापति आला, त्यानें किल्ला घेतला, चिंचेखालीं बसून चार घांस खाल्ले आणि तो निघून गेला. तो पुढें कोठें गेला याची चौकशी करण्याची बुद्धि आम्हांस फार उशिरां झाली.

तो गेला तो थेट इंग्लंडच्या मुख्य प्रधानाच्या खुर्चीपर्यंत गेला. शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत ‘वेलस्ली’ हें नांव येतें तें तैनाती फौजेच्या धड्यांत, आणि ‘वेलिंग्टन’ हें नांव येतें तें वॉटर्लूच्या धड्यांत. तैनाती फौजेचा वेलस्ली म्हणजे गव्हर्नर जनरल रिचर्ड, हा वडील भाऊ. नगरचा तट ज्याच्या फौजेनें चढला तो आर्थर, धाकटा भाऊ. आणि हाच आर्थर पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. हे धागे मुलांच्याच काय, थोरांच्याही मनांत गुंतून बसलेले असतात. ते मोकळे करावे हा या लेखाचा एक हेतु. दुसरा हेतु असा कीं, हा गृहस्थ लंडनमध्यें जें राजकारण पुढें खेळला त्याचे पहिले पाठ त्यानें आमच्या दख्खनच्या मातींत गिरविले, असें आम्हांस वाटतें. आणि जें त्याला येथें शिकावें लागलें नाहीं त्याच्याच पायीं तो तेथें हरला.

आर्थरचा जन्म १७६९ सालीं आयर्लंडांत झाला. वडील अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हे सरदार खरे, पण त्यांचा जीव संगीतांत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत ते संगीताचे प्राध्यापक होते. ते लवकर वारले. घरांत मुलें पुष्कळ आणि पैसा थोडा. थोरला रिचर्ड हुशार निघाला, आणि त्याच्या मानानें आर्थर हा सर्वांच्या मतें कांहीं कामाचा नव्हता. ईटनच्या शाळेंत त्यानें विशेष कांहीं केलें नाहीं. फिडल मात्र तो चांगली वाजवी. या पोराचा उपयोग बंदुकीच्या दारूचें खाद्य होण्याखेरीज दुसरा नाहीं, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या आईनेंच काढले होते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही स्थिति समजावून सांगण्याची गरज नाहीं. थोरल्याच्या सावलींत वाढणारा, ‘हा पुढें काय करणार’ म्हणून ज्याच्याकडे पाहून सुस्कारे टाकले जातात असा एक मुलगा बहुतेक घरांत असतोच.

१७८७ सालीं भावाच्या वशिल्यानें त्याला पलटणींत जागा मिळाली, व १७९० सालीं घराण्याच्या हातांतल्या ट्रिम गांवातर्फें तो आयर्लंडच्या पार्लमेंटांत निवडून गेला. ‘निवडून गेला’ हा शब्द येथें उगाच मोठा आहे. त्या काळीं अशीं कित्येक गांवें सरदारांच्या खिशांतच असत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण चाळीस वर्षांनीं तिचें व्याज फेडावें लागलें. पुढें किटी पॅकनहॅम नांवाच्या सरदारकन्येला त्यानें मागणी घातली. मुलगा कफल्लक म्हणून तिच्या माणसांनीं नकार दिला. तेव्हां आर्थरनें १७९३ सालीं आपल्या फिडली आपल्या हातानें जाळून टाकल्या, आणि त्या दिवसापासून तो शिपाईगिरीच्या मागें लागला. बापाची विद्या अशी अग्नीला देणाऱ्या मनुष्याची आम्हांस थोडी भीतिच वाटते.

१७९७ सालीं तो कलकत्त्यास उतरला तो पेटींत पुस्तकें भरून घेऊन. हिंदुस्थानचा इतिहास, येथल्या भाषांचीं व्याकरणें, सीझरच्या स्वाऱ्यांचें वर्णन, असा तो संग्रह होता. दुसऱ्याच वर्षीं थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि धाकट्याचें नशीब उघडलें. १७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत सुलतानपेठच्या आमराईवर रात्रीं केलेला त्याचा हल्ला अंधारांत पार फसला. न पाहिलेल्या जागेवर रात्रीं चाल करावयाची नाहीं असा निश्चय त्यानें तेव्हां केला. टिपू पडल्यावर श्रीरंगपट्टणचा कारभार त्याच्याकडे आला. १८०० सालीं धोंडजी वाघ या बंडखोराचा पाठलाग करण्याचें काम त्याच्यावर पडलें. याच धोंडजीनें धोंडोपंत गोखल्यांस मारिलें होतें, व त्यांचे पुतणे बापू गोखले या मोहिमेंत इंग्रजांबरोबर होते. धोंडजी लढाईंत ठार झाला. त्याचा चार वर्षांचा मुलगा सलाबतखान लष्कराच्या सामानांत सांपडला, तेव्हां वेलस्लीनें त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलें व देश सोडतांना त्याच्या पोषणासाठीं पैसे ठेविले. शत्रूच्या लेकराशीं त्याचें हें वागणें आम्ही त्याच्या जमेच्या बाजूस लिहितों.

आतां नगरकडे वळण्यापूर्वीं पुण्याची स्थिति दोन शब्दांत सांगणें प्राप्त आहे. ती सांगतांना कोणाही मराठी मनुष्याची मान खालीं जाते. १८०१ सालीं बाजीरावानें विठोजी होळकरास हत्तीच्या पायाखालीं दिलें. १८०२ च्या २५ आक्टोबरास यशवंतरावानें हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांची फौज बुडविली. बाजीराव पळाला तो कोंकणांतून इंग्रजांच्या जहाजानें वसईस गेला, आणि ३१ डिसेंबर रोजीं तेथें त्यानें ज्या तहावर सही केली त्यांत मराठी राज्याचें स्वातंत्र्य गेलें. त्याला गादीवर परत बसविण्यासाठीं म्हैसुराकडून फौज आली, तिच्या पुढच्या तुकडीचा मुख्य वेलस्ली होता. शहर जाळण्याचा अमृतरावाचा बेत आहे अशी बातमी लागतांच त्यानें बत्तीस तासांत साठ मैलांची मजल मारून १८०३ च्या २० एप्रिलास पुणें गांठलें. १३ मे रोजीं बाजीराव गादीवर बसला. दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले निजामाच्या सरहद्दीवर फौजा घेऊन उभे होते. कर्नल कॉलिन्स हा इंग्रजांचा वकील शिंद्यांच्या छावणींत वाटाघाटी करीत होता. आणि वेलस्ली जूनपासून नगरच्या रोखानें येऊन वाळकीजवळ तळ देऊन बसला होता. ३ आगस्ट रोजीं कॉलिन्स शिंद्यांच्या छावणींतून निघाला. ती बातमी वाळकीस पोंचली तेव्हां श्रावण महिना होता, पाऊस लागला होता, आणि काळ्या जमिनींतून तोफा हालेनात. पावसानें उघडीप देतांच ८ आगस्टच्या सकाळीं फौज नगरसमोर उभी राहिली.

नगरचें शहर आणि नगरचा किल्ला हीं दोन वेगळीं ठाणीं होत. शहराला उंच तट होता व त्याचें रक्षण शिंद्यांचे कवायती शिपाई आणि अरब करीत होते. किल्ला शहराच्या पूर्वेस, वाटोळा, दगडी, भोंवतीं रुंद खंदक. हुसेन निजामशहानें तो १५५९ नंतरच्या तीन चार वर्षांत पक्का बांधून काढला, चांदबिबीनें तो मोगलांविरुद्ध लढविला, १७५९ सालीं पेशव्यांनीं तो मोगलांच्या किल्लेदारास पैसे देऊन घेतला, आणि १७९७ च्या सुमारास तो दौलतरावाकडे गेला. याच किल्ल्यांत दौलतरावानें १७९८ सालीं नाना फडणविसांस कैदेंत ठेविलें होतें. ज्या भिंतींआड मराठी राज्यांतील सर्वांत मोठी अक्कल कोंडली गेली, त्याच भिंती पांच वर्षांनीं दुसऱ्याच्या हातीं गेल्या. वेलस्लीनें स्वतः लिहून ठेविलें आहे कीं, कर्नाटकांतील वेलोर वगळल्यास सपाटीवरचा इतका बळकट किल्ला आपण या देशांत पाहिला नाहीं.

त्यानें तोफा लावून शहराचा तट पाडण्यांत वेळ घालविला नाहीं. तीन ठिकाणीं शिड्या लावून एकदम चढण्याचा हुकूम दिला. तटाला आंतून उभें राहण्यास जागाच नव्हती. शिपायांनीं वर चढावें आणि माथ्यावर लोंबकळत मार खावा असा प्रकार एका बाजूस झाला, व तेथें पुष्कळ माणसें पडलीं. हायलंडर पलटणीचा अंमलदार कॅम्बेल हा तलवार मनगटाला अडकवून शिडी चढला, खालच्यांनीं त्याला आधार दिला, आणि तो एकटा आंत उतरला. त्याच्यामागून इतर आले, वेस उघडली गेली. दुपार होण्यापूर्वीं शहर पडलें. लूट सुरू झालेली पाहून वेलस्लीनें लुटारूंपैकीं दोघां शिपायांस वेशीच्या दोन बाजूंस फांशीं लटकविलें, असें त्या स्वारींत हजर असलेल्या एका अंमलदारानें लिहिलें आहे. दहा तारखेस किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला. किल्लेदारानें बोलणें लाविलें तेव्हां, बोलणें खुशाल चालूं द्या, पण तें पुरें होईपर्यंत तोफाही चालतील, असें त्याला उत्तर गेलें. बारा तारखेस सुमारें चौदाशें शिपाई आपलें खाजगी सामान घेऊन किल्ल्याबाहेर पडले. चार दिवसांत सर्व कारभार आटोपला.

या सर्व प्रकारांत आमच्या काळजाला झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. पेशव्यांचे सरदार बापू गोखले आपल्या स्वारांसह वेलस्लीच्या छावणींत होते, आणि शिंद्यांचें नगर पडत असतां तें दृश्य पाहत होते. तेथून पुण्यास गेलेल्या एका पत्राचा मजकूर इंग्रज ग्रंथकार मोठ्या हौसेनें देतात. त्याचा आशय असा कीं, हे इंग्रज विलक्षण लोक आणि यांचा सेनापति त्याहून विलक्षण. सकाळीं आले, तटाकडे पाहिलें, त्यावरून चालत गेले, आंतलीं माणसें मारलीं आणि न्याहारीस परत आले. पत्र लिहिणारास यांत कौतुक वाटलें. आम्हांस तें वाचतांना हसूं येत नाहीं. हेच बापू गोखले पंधरा वर्षांनीं, २० फेब्रुवारी १८१८ रोजीं, अष्टीच्या लढाईंत पेशव्यांसाठीं इंग्रजांशीं लढतां लढतां पडले. त्यांच्या शौर्याविषयीं कोणास शंका नाहीं. परंतु नगरच्या तटावर शिड्या लागल्या त्या दिवशीं त्यांचा घोडा तटाच्या चुकीच्या बाजूस उभा होता, आणि त्यांना तेथें उभें करणारा त्यांचा धनी पुण्यास होता.

नगर घेण्यांत वेलस्लीचा हेतु किल्ल्यापेक्षां कोठाराचा अधिक होता. पुणें आणि मुंबई यांकडून येणारें धान्य, दारूगोळा आणि पैसा सांठविण्यास गोदावरीच्या अलीकडे एक भक्कम ठाणें त्याला पाहिजे होतें. त्याचीं त्या वेळचीं पत्रें पाहिलीं तर एखाद्या सेनापतीचीं आहेत कीं मोठ्या वाड्याच्या कारभाऱ्याचीं आहेत असा संशय यावा. तांदूळ किती, मीठ किती, दारू किती, वंजाऱ्यांचे तांडे कोठवर आले, आणि सर्वांत मुख्य म्हणजे बैल. म्हैसूरच्या सरकारी खिल्लारांतले बैल त्यानें मुद्दाम आणविले होते, कारण चांगलीं व नीट जोपासलेलीं जनावरें असल्याखेरीज फौज जलद हालूं शकत नाहीं हें त्याचें ठाम मत. बैलाची पारख असलेल्या आमच्या जिल्ह्यास हें मत पटेल. मराठी फौजेला आपल्या चपळाईचा अभिमान होता. ती चपळाई घोड्यांची होती. मुलखावर लूट करून घोडे जगत, आणि लुटीला मुलूख उरला नाहीं कीं फौज बसे. या परक्यानें पैसे मोजून धान्य घेण्याची शिस्त लाविली, त्यामुळें बाजार त्याच्या छावणीकडे येऊं लागला.

परंतु बाजारांत धान्य असावें तरी लागतें. होळकर, शिंदे, पेंढारी आणि स्वतः इंग्रज यांच्या फौजा मुलूख तुडवून गेल्यावर १८०३-०४ सालीं दख्खनवर जो दुष्काळ पडला त्याची आठवण या भागांत पुढें कित्येक पिढ्या राहिली. नगरच्या रस्त्यांत माणसें मरून पडत. नगरचा कारभार वेलस्लीनें कॅप्टन ग्रॅहॅम याजकडे दिला होता. त्याला त्यानें जे हुकूम पाठविले त्यांचा सारांश असा: जे धडधाकट असतील त्यांना सरकारी कामावर लावावें आणि मोबदला धान्याच्या रूपानें द्यावा, म्हातारे, आजारी आणि ज्यांच्यानें काम होणार नाहीं अशा बायामुलांस अन्नच द्यावें. दुष्काळी कामांची जी पद्धति पुढें इंग्रजी अंमलांत, व आमच्या काळीं रोजगार हमींत रूढ झाली, तिची ही एक जुनी सुरुवात नगरास झाली. ज्याच्या युद्धानें उपासमारीस हात लाविला त्यानेंच ती निवारण्यास हात पुढें केला, हा विरोध आम्ही झांकून ठेवीत नाहीं. पण ज्यांच्या राज्यांतली ती रयत होती त्यांनीं तेवढेंही केल्याचें आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

लढायांविषयीं आम्ही थोडक्यांत सांगतों. २४ आगस्टला त्यानें गोदावरी ओलांडली. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या माळावर, आसई गांवापाशीं, शिंदे-भोसल्यांची गांठ पडली. वाटाड्यांनीं नदीला उतार नाहीं म्हणून सांगितलें होतें. वेलस्लीला समोरासमोरच्या दोन तीरांवर दोन गांवें दिसलीं. शेजारचीं दोन गांवें आहेत म्हणजे मधून जाण्यायेण्यास वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून तो निघाला आणि उतार सांपडला. शिंद्यांच्या गोलंदाजांनीं तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहींत. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून दीड हजारांवर गेले. वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा मेला व दुसरा भाल्यानें जखमी झाला. म्हातारपणीं कोणी त्याला, तुमच्या हातून लढाईंतलें सर्वांत चांगलें काम कोणतें झालें असें विचारलें, तेव्हां त्यानें वॉटर्लूचें नांव न घेतां एकच शब्द उच्चारला: आसई. नोव्हेंबरांत आडगांव, डिसेंबरांत गाविलगड, आणि ३० डिसेंबर रोजीं सुर्जी-अंजनगांवचा तह. त्या तहानें शिंद्यांनीं नगर कायमचें सोडलें.

या तहाच्या बोलण्यांत शिंद्यांच्या बाजूस विठ्ठलपंत नांवाचे एक वृद्ध मुत्सद्दी होते. त्यांची मुद्रा कशानेंही हालत नसे. मागणी कितीही जबर असो, पंतांच्या चेहऱ्यावर सुरकुती वाढत नसे कीं कमी होत नसे. ब्रॅग नांवाचा पत्त्यांचा एक खेळ आहे, त्यांत हातांतलीं पानें चेहऱ्यावर दिसूं न देणारा जिंकतो. म्हणून वेलस्ली आणि त्याचा मित्र माल्कम यांनीं पंतांस ‘म्हातारा ब्रॅग’ असें नांव ठेविलें. पुढें नेपोलियन पडल्यावर वेलस्ली युरोपांतल्या सर्व धुरंधरांबरोबर बसूं उठूं लागला, तेव्हां माल्कमनें त्याला विचारलें कीं, फ्रान्सचा तो प्रसिद्ध टालेरां मनुष्य आहे तरी कसा? उत्तर आलें कीं, पुष्कळसा आपल्या म्हाताऱ्या ब्रॅगसारखा, पण तितका हुशार नाहीं. ज्या टालेरांनें चार राज्यें पाहिलीं व चारांनाही विकलें त्याच्यावर आमच्या पंतांची ही सरशी! दुर्दैव एवढेंच कीं, टालेरांच्या मागें हरलेलें पण एकसंध फ्रान्स होतें, आणि पंतांच्या मागें दौलतराव.

१८०५ च्या मार्चांत वेलस्ली मद्रासेहून निघाला. वाटेंत सेंट हेलेना बेटावर तो ज्या घरीं उतरला, त्याच जागीं दहा वर्षांनीं कैदी नेपोलियनाचे पहिले आठवडे गेले. घरीं पोंचतो तों थोरल्या भावावर हिंदुस्थानांतील उधळपट्टी व जुलूम यांबद्दल पार्लमेंटांत आरोप आलेले. ते परतविण्यासाठीं आर्थर १८०६ सालीं राय या गांवातर्फें पार्लमेंटांत शिरला. ज्या भावाच्या वशिल्यावर आपण वर चढलों त्याच्यासाठीं उभें राहण्यापासून या सेनापतीचें इंग्लंडांतलें राजकारण सुरू झालें, हें आमच्या एकत्र कुटुंबांच्या वाचकांस आवडेल. दुसऱ्या वर्षीं तो आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी झाला. मग पोर्तुगाल आणि स्पेन येथील पांच सहा वर्षांचें युद्ध, १८१४ सालीं ड्यूक ही पदवी, आणि १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लू. या सर्वांवर इंग्रजींत ग्रंथांचे ढीग आहेत. आम्हांस त्यांत येथें शिरावयाचें नाहीं. स्पेनमध्यें त्यानें खेंचरांची आणि दाणागोट्याची जी व्यवस्था ठेविली तिच्यांत नगरच्या बैलांचा हिशेब जाणत्यास दिसतो, एवढें सांगून पुढें जातों.

२२ जानेवारी १८२८ रोजीं तो मुख्य प्रधान झाला. पहिल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, बाहेर आल्यावर तो आश्चर्यानें म्हणाला, मीं त्यांना हुकूम दिले, तर ते बसून त्यावर चर्चा करूं लागले! आख्यायिका खरी असो वा नसो, मनुष्य तींत पुरा उतरला आहे. छावणींत ज्याच्या शब्दावर तीस वर्षें कोणी दुसरा शब्द काढला नाहीं, त्याला आतां रोज दहा जणांची समजूत घालावी लागे.

तरीही त्याच्या हातून त्या खुर्चीवर एक मोठें काम झालें, आणि तें माघारीचें होतें. कॅथॉलिक पंथाच्या लोकांस पार्लमेंटांत बसण्याचा हक्क नव्हता. आयर्लंडांत १८२८ सालीं डॅनियल ओकॉनेल हा कॅथॉलिक पुढारी निवडून आला, आणि त्याला आंत घ्यावें कीं यादवी युद्ध पत्करावें असा प्रश्न उभा राहिला. वेलिंग्टनचा स्वतःचा पक्ष विरुद्ध, राजा चौथा जॉर्ज विरुद्ध, स्वतः त्याचें आजवरचें मतही विरुद्ध. पण यादवी म्हणजे काय हें त्यानें दुरून नव्हे, पुण्यापासून गोदावरीपर्यंत घोड्यावरून पाहिलें होतें. त्यानें राजाला वळविलें, सरदारांच्या सभेला वळविलें, आणि १३ एप्रिल १८२९ रोजीं कायदा पुरा झाला. मध्यंतरीं लॉर्ड विंचिल्सी यानें त्याच्यावर कपटाचा आरोप केला, तेव्हां साठीस टेंकलेला हा मुख्य प्रधान २१ मार्चच्या सकाळीं बॅटर्सीच्या माळावर पिस्तूल घेऊन द्वंद्वास उभा राहिला. दोघांनींही गोळी बाजूस झाडली व लॉर्डसाहेबांनीं माफी मागितली. देशाच्या मुख्य प्रधानानें असें करावें हें आम्हांस पोरकट वाटतें. पण त्यानंतर कपटाची भाषा बंद झाली हेंही खरें.

पुढच्याच वर्षीं त्याचें पाऊल घसरलें. ज्या गांवांत माणसें नाहींत तेथून दोन दोन सभासद आणि हजारों वस्तीच्या नव्या शहरांतून एकही नाहीं, अशी पार्लमेंटची स्थिति सुधारावी म्हणून देश ओरडत होता. २ नोव्हेंबर १८३० रोजीं वेलिंग्टननें सरदारांच्या सभेंत उठून सांगितलें कीं, आहे ही पद्धति इतकी उत्तम आहे कीं नवी करावयाची झाली तरी मी अशीच करीन. ट्रिम आणि राय गांवांचा सभासद यापेक्षां वेगळें काय बोलणार! पंधरा दिवसांत त्याचें मंत्रिमंडळ गडगडलें. समोरासमोरच्या दोन गांवांवरून नदीचा उतार ताडणाऱ्या मनुष्याला डोळ्यांपुढें गर्जणारी लोकांची नदी दिसली नाहीं. मुलूख वाचण्याची विद्या त्यानें येथें कमावली होती. रयतेचें मन वाचण्याची गरज त्याला येथें कधीं पडली नव्हती. रयतेस धान्य द्यावें, लुटीपासून वांचवावें, पण तिला विचारावें कशाला, ही जी समजूत नगरास चालून गेली ती लंडनमध्यें चालली नाहीं.

१८३१ च्या एप्रिलांत जमावानें त्याच्या लंडनच्या वाड्याच्या कांचा दगडांनीं फोडल्या. त्या वेळीं घरांत त्याच्या बायकोचें प्रेत होतें. ही तीच किटी. हिंदुस्थानांतून कीर्ति आणि पैसा घेऊन आल्यावर त्यानें तिला, मधल्या काळांत एकदांही न पाहतां, पुन्हां मागणी घातली होती, आणि १८०६ सालीं लग्न झालें. पाहतो तों ती वयानें व रूपानें उतरलेली. लग्न त्यानें शब्दासाठीं केलें, पण संसार केला नाहीं. तिच्या घरखर्चाच्या हिशेबांतील चुकांवर तो रागावे, आणि ती त्याच्या भीतीनें आणखी चुका करी. शेवटच्या आजारांत मात्र तो तिच्या उशाशीं बसून राहिला. सलाबतखानाशीं ज्यानें इतकें माणुसकीचें वर्तन केलें त्याला स्वतःच्या घरीं ती पंचवीस वर्षें कां सुचूं नये, हें कोडें आम्हांस उलगडत नाहीं. आमच्या भगिनी वाचकांस कदाचित् उलगडेल.

फुटलेल्या खिडक्यांस त्यानें लोखंडी झडपा बसविल्या. १८३४ च्या अखेरीस पील इटलीहून येईपर्यंत तीन आठवडे त्यानें एकट्यानें बहुतेक सर्व खातीं चालविलीं, व लोक थट्टेनें म्हणूं लागले कीं या मंत्रिमंडळांत मतभेद होणें शक्य नाहीं. आणि मग १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याचें पीक सडलें. परदेशी धान्यावरची जकात काढावी असें पीलनें ठरविलें. वेलिंग्टनला ती जकात हवी होती; कुजक्या बटाट्यांनीं पील घाबरला असें तो खाजगींत चिडून बोलला. पण राणीचें सरकार मोडूं नये म्हणून त्यानें १८४६ सालीं सरदारांच्या सभेंतून तो कायदा पार पाडून दिला. हें वाचतांना आमच्या मनांत पुनःपुन्हां नगरचे ते हुकूम येतात. सदतीस वर्षांचा नव्हता तेव्हां ज्यानें परमुलखांतल्या उपाशी माणसांसाठीं आधीं अन्नाची तजवीज केली, त्याला शहात्तराव्या वर्षीं स्वतःच्या जन्मभूमींतली उपासमार पक्षाच्या डावपेंचाएवढी दिसावी! मत त्यानें योग्य बाजूस दिलें. पण तें भुकेकडे पाहून दिलें नाहीं.

१४ सप्टेंबर १८५२ रोजीं समुद्राकांठच्या वॉल्मर किल्ल्यांत त्याला मरण आलें. तेथल्या त्याच्या खोलींत निजावयास एक अरुंद लष्करी खाट होती. १८ नोव्हेंबरास लंडनमध्यें सेंट पॉलच्या देवळांत त्याचें दफन झालें, आणि रस्त्यांत लाखों लोक उभे होते. त्यांत एकवीस वर्षांपूर्वीं दगड मारलेलेही असतील.

इकडे नगरचा किल्ला तहानंतर पेशव्यांकडे गेला आणि १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें पुन्हां इंग्रजांकडे आला. १९४२ च्या आगस्टांत पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल वगैरे काँग्रेसच्या पुढाऱ्यांस इंग्रज सरकारनें याच किल्ल्यांत आणून कोंडलें. नेहरूंनीं आपला ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तेथेंच लिहिला, आणि आवारांत बागही केली. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. चौंडी हें अहिल्याबाईंचें जन्मगांव याच जिल्ह्यांत, जामखेड तालुक्यांत आहे. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या आठ वर्षांनीं वेलस्लीच्या शिड्या नगरच्या तटाला लागल्या.